शंभराचे एकशे साठ

उत्तर प्रदेशातल्या सुनौलीची कमान ओलांडून भारतीय माणूस चालत चालत नेपाळात शिरतो. व्हिसा लागत नाही, पासपोर्टवर शिक्का बसत नाही. १९५०च्या शांतता व मैत्री करारापासून दोन्ही देशांच्या नागरिकांना ही मोकळीक आहे. बिहारातल्या रक्सौलहून बीरगंजला किंवा जोगबनीहून विराटनगरला जातानाही हेच. पलीकडे पहिला चहा घेतला की दुकानदार विचारतो, आयसी देणार की एनसी? आयसी म्हणजे भारतीय चलन आणि एनसी म्हणजे नेपाळी. वर्तमानपत्री भाषेत हेच भारु आणि नेरु होतात. आपण खिशातली भारतीय नोट पुढे करतो, तो ती बिनतक्रार घेतो आणि उरलेले पैसे नेपाळी नोटांत परत देतो.

परदेशात आपलेच पैसे चालल्याचा आनंद इथे होतो खरा, पण तो अर्धवट माहितीवरचा असतो. माणसांसाठी ही सीमा उघडी आहे, पैशांसाठी तिची फक्त एक फळी उघडी आहे. कोणती भारतीय नोट चालेल, किती चालेल, कुठवर चालेल, कार्ड कोणते चालेल, मोबाइलवरून पैसे कसे जातील, यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर, लुंबिनी किंवा अन्नपूर्णेच्या पायवाटेवर निघालेल्या मराठी प्रवाशाने ही उत्तरे घरीच जाणून घ्यावीत. त्यासाठी आधी नेपाळच्या रुपयाची कुळकथा पाहू.

चांदीतली भेसळ आणि युद्ध

काठमांडूचे खोरे शतकानुशतके भारत आणि तिबेट यांच्यामधल्या व्यापाराचे नाके होते. सोळाव्या शतकात काठमांडूचा राजा महेंद्र मल्ल याच्या नावाने चांदीची नाणी पडू लागली. ही महेंद्रमल्ली नाणी पुढे तिबेटातही चलन म्हणून रुळली. तिबेटकडे स्वतःची टांकसाळ नव्हती. तिबेटी व्यापारी चांदी पाठवत आणि नेपाळचे मल्ल राजे तितक्याच वजनाची नाणी पाडून परत देत. त्यात नफा मोठा होता, आणि चांदीत तांबे मिसळले की तो आणखी वाढत असे. अठराव्या शतकात खोऱ्यातल्या राजांनी ही भेसळ भरपूर केली.

गोरखा राजा पृथ्वीनारायण शाह याने १७६८-६९ मध्ये खोरे जिंकले तेव्हा तिबेटच्या बाजारात ही भेसळीची नाणी खच्चून भरलेली होती. त्याने शुद्ध चांदीचे नाणे काढले. मात्र एका शुद्ध नाण्याला किती भेसळीची नाणी द्यायची, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होईना. पृथ्वीनारायणाच्या मृत्यूनंतरही वाद चिघळतच राहिला. त्यात व्यापाराच्या इतर कुरबुरी मिसळल्या आणि १७८८ मध्ये गोरखा सैन्य तिबेटात घुसले. १७९१ मध्ये त्याने शिगात्सेजवळचा ताशिल्हुन्पो मठ लुटला, तेव्हा चीनच्या छिंग सम्राटाची फौज चालून आली आणि १७९२ मध्ये ती काठमांडूच्या उत्तरेस नुवाकोटच्या परिसरापर्यंत पोहोचली. तहानंतर तिबेटसाठी ल्हासातच नाणी पडू लागली आणि नेपाळच्या टांकसाळीची ती जुनी मिळकत आटली. शेजाऱ्याच्या चलनाशी आपल्या चलनाचा दर काय असावा, हा प्रश्न नेपाळसाठी कधीच नुसता हिशेबाचा राहिलेला नाही, याचा हा पहिला मोठा दाखला.

नाशिकला छापलेल्या नोटा

मोहर हे नेपाळचे जुने चांदीचे नाणे. १९३२ मध्ये दोन मोहरांचा एक रुपया ठरला आणि आजचा नेपाळी रुपया जन्माला आला. कागदी नोटा यायला १९४५ उजाडले. राणा पंतप्रधान जुद्धशमशेर यांच्या अखेरच्या काळात सदर मुलुकीखाना या सरकारी खजिन्याने त्या काढल्या. नेपाळात तेव्हा नोटा छापण्याची सोय नव्हती, त्यामुळे त्या छापल्या गेल्या आपल्या नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. नोटेवर राजा त्रिभुवनचे चित्र होते आणि रकमेपुढे रुपयाऐवजी ‘मोहरु’ छापलेले होते. नेपाळ राष्ट्र बँक ही मध्यवर्ती बँक २६ एप्रिल १९५६ रोजी स्थापन झाली आणि नोटा काढण्याचे काम तिच्याकडे गेले.

बँक स्थापन झाली तरी देशभर तिचेच चलन चालत होते असे नव्हते. तराईच्या सखल पट्ट्यातला शेतकरी आपला तांदूळ भारतीय बाजारात विकत असे. भारतीय रुपया घेई आणि त्याच रुपयाने मीठ, कापड, घासलेट आणी. नेपाळी रुपयाशी त्याचा संबंध आला तर तो सरकारी कामापुरता. डोंगरात मात्र नेपाळी रुपया चाले. एकाच देशात दोन चलने आणि त्यांच्यातला दर रोज वेगळा, अशी ही अवस्था होती. आज शंभर भारतीय रुपयांना काय मिळेल, हे सावकार आणि व्यापारी ठरवत आणि वटणावळ आपल्या खिशात घालत.

हा गोंधळ मिटवण्यासाठी नेपाळने १९६० मध्ये दर बांधून टाकला: शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी.

बांधलेला दर

हा दर तेव्हापासून अखंड टिकला, असे मात्र नाही. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. नेपाळने ते केले नाही आणि शंभर भारतीय रुपयांचे जेमतेम एकशे एक नेपाळी रुपये झाले. दर बांधल्यानंतर नेपाळी रुपया भारतीय रुपयाच्या बरोबरीला आला, असा हा एकमेव काळ. कागदावर ही शान होती, पण नेपाळी माल भारतात महाग पडू लागला. १९६७च्या अखेरीस नेपाळने अवमूल्यन करून दर एकशे पस्तीसवर आणला. पुढे तो सरकत गेला आणि १९८५ मध्ये एकशे सत्तरपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी १९९३ मध्ये तो पुन्हा एकशे साठवर आणला गेला आणि त्यानंतर मात्र हललेला नाही. या काळात नेपाळने माओवादी संघर्ष, राजघराण्यातले हत्याकांड, राजेशाहीचा अंत, २०१५चा भूकंप आणि कितीतरी पंतप्रधान पाहिले. दर तोच राहिला.

दर कायम राहतो तो आपोआप नव्हे. नेपाळ आपली बहुतेक आयात भारतातून करतो आणि त्या मानाने भारताला विकतो फारच थोडे. त्यामुळे त्याला भारतीय रुपया सतत कमी पडतो. दुसऱ्या बाजूला आखाती देश, मलेशिया, जपान, कोरिया इथे राबणारे लाखो नेपाळी कामगार डॉलरच्या रूपात घरी पैसे पाठवतात. नेपाळ राष्ट्र बँक यातले डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते आणि ते आपल्या बाजारात ठरलेल्या दराने पुरवते. कतारमधल्या बांधकामावर घाम गाळणारा मजूर अशा रीतीने बीरगंजच्या घाऊक बाजारातला दर सांभाळत असतो.

या व्यवस्थेचा एक परिणाम प्रवाशाच्या सहज लक्षात येत नाही. भारतीय रुपया डॉलरपुढे घसरला की नेपाळी रुपयाही त्याच प्रमाणात घसरतो. भारतात डॉलर ८० रुपयांचा असेल तर नेपाळात तो १२८च्या आसपास असतो. भारतात ८५ झाला की तिकडे १३६ होतो. युरोप किंवा थायलंडची सहल ठरवताना आपण विनिमय दराकडे डोळे लावून बसतो, नेपाळसाठी ती गरज नाही. तिथे खर्च वाढला तर तो महागाईने वाढेल, दराने नव्हे. ही जोडणी सोडावी का, यावर नेपाळी अर्थतज्ज्ञांत अधूनमधून चर्चा होते. पण जोडणी सोडली आणि रुपया कोसळला तर भारतातून येणारे डिझेल, औषधे आणि भाजी महागेल, ही धास्ती त्या चर्चेवर मात करते.

दराचे पाढे सोपे आहेत. पाच भारतीय रुपये म्हणजे आठ नेपाळी. नेपाळी किंमत भारतीय रुपयांत कळायला हवी असेल तर तिचे निम्मे करावे आणि त्यात मूळ किमतीचा अष्टमांश मिळवावा. ८०० नेपाळी रुपयांची शाल घेताना ४०० अधिक १००, म्हणजे ५०० भारतीय रुपये. काही दुकानदार ‘हिशेबाला सोपे’ म्हणून दीडच्या दराने भारतीय नोट घेतात. ५०० रुपयांमागे मग ८००ऐवजी ७५० नेपाळी रुपये हातात पडतात. एका खरेदीत हे जाणवत नाही, आठवडाभराच्या सहलीत चांगलेच जाणवते.

नोटेवरचा देश

नेपाळी नोट मराठी माणसाला वाचता येते, कारण लिपी देवनागरी आणि आकडेही देवनागरी. चलनात ५, १०, २०, ५०, १००, ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा आहेत. एक-दोन रुपयांची नाणी निघतात, पण शहरी व्यवहारात ती क्वचितच हाती लागतात.

पूर्वी प्रत्येक नोटेवर राजा असे. २००६च्या जनआंदोलनानंतर राजाचे अधिकार गेले आणि २००८ मध्ये नेपाळ प्रजासत्ताक झाला. या संक्रमणाच्या दिवसांत राजाच्या जागी सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, नोटेवर आला. अडचण कागदाची होती. राजाचे जलचिन्ह असलेला कागद आधीच तयार होता आणि तो टाकून देणे परवडणारे नव्हते. मग त्या जलचिन्हावर लालीगुराँसचे, म्हणजे नेपाळच्या राष्ट्रीय फुलाचे, चित्र छापून राजाला झाकले गेले. नोटांच्या मागच्या बाजूला प्राणी आहेत: पाचवर याक, शंभरवर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारवर हत्ती. घाईत नोट ओळखायला ही खूण आकड्यापेक्षा सोयीची.

शंभरची नोट राजकारणातही आहे. लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा हा भारताशी वादात असलेला भाग नेपाळने २०२० मध्ये आपल्या अधिकृत नकाशात घेतला. तो नकाशा शंभरच्या नोटेवर छापण्याचा निर्णय नेपाळी मंत्रिमंडळाने मे २०२४ मध्ये घेतला आणि भारताने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. छपाईचे काम एका चिनी सरकारी कंपनीला मिळाले. नाशिकपासून निघालेला नेपाळी नोटेचा प्रवास आता असा उत्तरेकडे वळला आहे.

शंभरापुढची भारतीय नोट

आता मूळ प्रश्न: आपल्या नोटा तिथे कितपत चालतात? ८ नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीची झळ नेपाळलाही बसली. भारतात मजुरी करून परतलेले लोक, सीमेवरचे व्यापारी, घरखर्चातून बाजूला टाकलेल्या नोटा ट्रंकेत जपणाऱ्या बायका, अशा अनेकांकडे ५०० आणि १०००च्या भारतीय नोटा होत्या. त्या बदलून मिळाव्यात म्हणून नेपाळ सरकारने दिल्लीकडे वारंवार विचारणा केली, पण तोडगा निघाला नाही. भारतीय नागरिकाला निदान बँकेची रांग तरी होती, नेपाळी नागरिकाला ती नव्हती.

त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळच्या मंत्रिमंडळाने १०० रुपयांहून मोठ्या, म्हणजे २००, ५०० आणि २०००च्या, भारतीय नोटा बाळगण्यावर आणि वापरण्यावर बंदी घातली. बनावट नोटांची भीती हे भारताचे जुने कारण होते, त्यात नोटाबंदीने पोळलेल्या शेजाऱ्याचे कारण मिसळले. ही बंदी सैल करण्याच्या हालचाली अलीकडे दोन्ही बाजूंनी झाल्या आहेत. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात रिझर्व्ह बँक आणि नेपाळ राष्ट्र बँक यांच्या संकेतस्थळांवरचा ताजा नियम वाचून घ्यावा. शंभर आणि त्याखालच्या नोटांबद्दल मात्र कधीच वाद नव्हता. शंभरच्या कोऱ्या नोटांची दोन-तीन बंडले हाच नेपाळच्या वाटेवरचा सर्वांत निर्धोक भारतीय पैसा.

भूतानशी तुलना केली तर फरक कळतो. भूतानने १९७४ मध्ये ङुल्ट्रुम काढले आणि त्याचा दर भारतीय रुपयाशी एकास एक ठेवला. तिथे भारतीय रुपया कायदेशीर चलन आहे. नेपाळात तो पाहुणा आहे. यजमान प्रेमाने वागवतो, पण घराचे नियम यजमानाचे.

खिसा, कार्ड आणि मोबाइल

पैसे देण्याचे चार मार्ग प्रवाशापुढे आहेत आणि चारही थोडेथोडे वापरावेत.

पहिला, नेपाळी रोकड. सीमेवर, काठमांडूच्या विमानतळावर आणि काठमांडूच्या ठमेल किंवा पोखऱ्याच्या लेकसाइड भागात परवानाधारक सटही काउंटर असतात. सटही म्हणजे पैसे बदलून देण्याचे काम. नेपाळ राष्ट्र बँक शंभर भारतीय रुपये १६० नेपाळीला घेते आणि १६०.१५ला विकते. काउंटरवर याच्या जवळचा दर मिळायला हवा. पावती मागून घ्यावी. परतताना उरलेल्या नेपाळी नोटा सीमेआधीच बदलाव्यात. नेपाळात भारतीय रुपयाची टंचाई नेहमीची असल्यामुळे उलटा व्यवहार तितका सहज होत नाही, आणि पुण्या-मुंबईत त्या नोटा कोणी घेत नाही. शनिवारी नेपाळात साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा बँकेचे काम आदल्या दिवशीच उरकावे.

दुसरा, बँकेचे कार्ड. भारतीय डेबिट कार्डाने तिथल्या एटीएममधून नेपाळी नोटा निघतात. मात्र रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांमुळे भारतात नवी कार्डे देशांतर्गत वापरापुरतीच सुरू करून दिली जातात. आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाला स्वतः चालू करावा लागतो. बँकेच्या अॅपमधले हे बटण घरूनच दाबून निघावे. स्थानिक बँक आणि आपली बँक अशी दोघांचीही फी लागू शकते, म्हणून रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावे.

इथे अनेकांची गफलत होते ती फॉरेक्स कार्डाबाबत. सिंगापूर-दुबईला वापरलेले डॉलरचे प्रीपेड कार्ड नेपाळातही चालेल असे वाटते, पण भारतात घेतलेली अशी कार्डे नेपाळ आणि भूतानमध्ये वापरता येत नाहीत. याचे मूळ परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांत आहे. नेपाळ किंवा भूतानच्या प्रवासासाठी भारतीय रहिवाशाला परकीय चलन काढण्याची मनाई त्यांत स्पष्ट लिहिलेली आहे. या दोन शेजाऱ्यांशी आपला व्यवहार रुपयात व्हावा, डॉलरमध्ये नव्हे, हा त्यामागचा विचार. बँकेत जाऊन ‘नेपाळसाठी डॉलर द्या’ म्हटले तर नकार मिळेल आणि तो कायद्याला धरूनच असेल.

तिसरा, यूपीआय. भारताची एनपीसीआय इंटरनॅशनल आणि नेपाळची फोनपे ही क्यूआर व्यवहारांची कंपनी यांनी मार्च २०२४ मध्ये ही सोय सुरू केली. भारतातल्या फोनपे अॅपशी हिचा काही संबंध नाही, नावातले साम्य योगायोगाचे. दुकानातला तिचा क्यूआर आपल्या यूपीआय अॅपने स्कॅन केला की नेपाळी रक्कम भारतीय रुपयात रूपांतरित होऊन आपल्या खात्यातून वजा होते. अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय चालू केलेले असावे आणि बँकेला जोडलेले सिम फोनमध्येच असावे. दुसऱ्या खोबणीत नेपाळी सिम घालून इंटरनेट घेता येते. ही सोय दुकानदाराला पैसे देण्यापुरती आहे, टॅक्सीवाल्याच्या खासगी खात्यावर किंवा पोर्टरच्या मोबाइलवर ती चालेलच असे नाही. ई-सेवा, खल्ती ही नेपाळी वॉलेट सर्वत्र दिसतात, पण ती मुळात तिथल्या रहिवाशांसाठी आहेत.

चौथा, शंभरच्या भारतीय नोटा. सीमेवर, मंदिरांच्या आवारात आणि मोठ्या शहरांत त्या चालतात. जसजसे वर चढाल तसतसा त्यांचा उपयोग कमी होतो आणि नेपाळी रोकड हीच भाषा उरते. नामचे बाजार आणि जोमसोमसारख्या ठिकाणी एटीएम आहेत, पण वीज गेली, जोडणी तुटली किंवा यंत्रातली रोकड संपली तर ते निरुपयोगी. डोंगरातल्या लॉजमध्ये गरम पाणी, मोबाइल चार्जिंग आणि वायफाय यांचे वेगळे पैसे घेतात आणि ते बहुधा रोखच. लहान नोटा जवळ ठेवाव्यात, हजारची मोड वर सहज मिळत नाही.

भारतीय असण्याचा एक फायदा मात्र नेपाळात जागोजागी होतो. सार्क देशांच्या नागरिकांना अनेक ठिकाणी कमी शुल्क लागते. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राच्या परवान्यासाठी इतर परदेशी ३००० नेपाळी रुपये मोजतात, तेव्हा भारतीयाला १००० लागतात. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. हॉटेलातला दर ठरवताना मात्र दोन गोष्टी आधी विचाराव्यात: हा भाव आयसीत की एनसीत, आणि त्यात १३ टक्के व्हॅट धरलेला आहे का. या दोन प्रश्नांनी बिलाच्या वेळचे निम्मे वाद टळतात.

एवढ्या माहितीचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. नेपाळात भारतीय रुपया चालतो तो आपल्या मोठेपणामुळे नाही. एका लहान देशाने आपल्या गरजेपोटी दर बांधला, तो टिकवण्यासाठी दररोज किंमत मोजली आणि सीमेवरच्या लोकांच्या सोयीसाठी शेजाऱ्याची नोट स्वीकारली, म्हणून तो चालतो. तेव्हा सीमेपलीकडे पोहोचल्यावर पहिल्याच सटही काउंटरवर थोडे पैसे बदलून घ्या, नेपाळातला खर्च शक्यतो नेपाळी रुपयात करा आणि शंभरच्या भारतीय नोटा अडीअडचणीसाठी राखून ठेवा.